ओढ्यातले जावई

अकोला, ८ डिसेंबर

सर, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, माफ करा. रोजच्या वहीत सगळ्यांविषयी लिहिते, तुमच्याविषयी मात्र टाळत आले. आज टाळवत नाही. कालपासून मी फार आनंदात आहे, आणि या आनंदावर माझा पुरता हक्क आहे का, याची खात्री नाही.

धारणीच्या पुढचे ते ओढे आठवतात? एम.एस्सी.च्या वर्षी तुम्ही आम्हाला अमरावतीहून तिकडे नेलंत आणि प्रत्येकाला एकेक ओढा वाटून दिलात. प्रवाहात जाळी धरायची, तिच्या वरच्या अंगाचे दगड पायाने हलवायचे, वाहून येतील ते किडे पांढऱ्या ट्रेमध्ये मोजायचे. कोणते किडे सापडतात त्यावरून पाण्याची तब्येत कळते. दोन शेपट्यांचा एक चपटा किडा तुम्ही बोटावर घेतला आहे आणि वर्गातली भाषा सोडून तुमच्या तेल्हाऱ्याच्या बोलीत सांगता आहात, "पोट्टेहो, हा जावई हाये. पानी जरासं खराब झालं का रुसून निघाला. हा दिसला का समजा, घर चांगलं हाये." माझ्या ओढ्यात जावई नव्हता. मी शून्य लिहिलं. बाकीच्यांनी आकडे फुगवले होते, तुम्ही ते ओळखलंत आणि सर्वांसमोर म्हणालात, "हिच्यापासून शिका. शून्य लिहाले हिंमत लागते." त्या दिवसापासून मी स्वतःला प्रामाणिक समजत आले. ओढ्याच्या नावापुढे मात्र विभागाच्या रजिस्टरात 'खराब' असं लागलं, आणि तिकडे पुन्हा कुणी फिरकलं नाही.

काल माझ्या इथल्या कॉलेजच्या मुलांना घेऊन त्याच ओढ्यावर गेले. रस्ता ओढा ओलांडतो तिथे जीप थांबली आणि मी तिथेच जाळी काढली. सोबतची वनमजूर बाई जवळच्याच गावची. ती काठावर बसून हसायलाच लागली. "इथं का भेटन, मॅडम? इथं तं बैलं धुतेत. त्याईच्या आंगावरचे गोचीड मोजता का?"

"मग कुठं बघायचं?"

"वर चाला नं. पाय दुखतेत का?"

दहा मिनिटं वर चढून गेलो. गुडघाभर गार पाणी, तळ स्वच्छ दिसणारा. पहिल्याच जाळीत सात! सात जावई, सर! मी आनंदाने वळले ती शेवाळावरून घसरून कमरेपर्यंत भिजले. जावयाची आणि माझ्या शून्याची गोष्ट मुलांना मी आधीच सांगितली होती. बाईनेही ती ऐकली असावी, ट्रेमध्ये डोकावून म्हणाली, "माय वं! इतके जावई? सासऱ्याचं दिवाळं निघन!" परतताना जीपमध्ये एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तवा शून्य, आता सात. 'ओढा सुधारला' हेच लिहू नं तक्त्यावर?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ओढा सुधारलेला नाही, सर. बहुधा तो तेव्हाही असाच होता. तेव्हाही जीप त्याच जागी थांबली होती, माझ्या पायात नवे सँडल होते, आणि मी वर गेलेच नाही. जागेच्या रकान्यात नुसतं ओढ्याचं नाव लिहिलं. तिथे शेणाचा वास येत होता, तो मला आला होता. तुम्ही कौतुक केलंत तेव्हा सांगता आलं असतं. पण कौतुक गोड लागलं. आज लाज वाटायला हवी आणि वाटतेही, पण हसू त्याहून जास्त येतं. वीस वर्षं मी एका चांगल्या घराची बदनामी केली, आणि ते घर वरच्या अंगाला निवांत जावई पोसत राहिलं!

हे पत्र वहीतच राहील. तुम्ही असतात तर पाठवलं असतं का, तेही छातीठोकपणे सांगता येत नाही.

उद्या: पहिल्या तासालाच मुलांना सांगणे, ते शून्य कुठे उभं राहून लिहिलं होतं.