गव्हर्नरच्या शेजारची जागा

प्रिय रामोन,

मी मराठीत लिहितोय. जिवंतपणी तुला माझी भाषा कळली नाही आणि मला तुझी. आपापल्या देशापासून दूर, जुरोंग आयलंडवरच्या प्लांटला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आपण इतकी वर्षं मोडक्यातोडक्या इंग्रजीवर काढली. आता तरी मला माझ्या भाषेत बोलू दे.

काल कार्लाचा फोन आला. तुझ्या मुलीचं लग्न ठरलंय. मुलगा शाळेत शिकवतो, आवाजावरून तरी ती खूश वाटली. "टीटो," म्हणाली, म्हणजे काका, "तुम्ही माझे निनाँग व्हायचं. पापांनी तुम्हाला सांगून ठेवलं होतं." मी लगेच हो म्हणालो. मग ती जरा अडखळली. "दुसरे निनाँग गव्हर्नर आहेत. चर्चमध्ये तुम्ही दोघं शेजारीशेजारी उभे राहाल. चालेल ना?"

चालेल का, रामोन? तूच सांग.

निनाँग म्हणजे लग्नाला साक्षीला उभा राहणारा मानलेला बाप, हे मला तूच समजावलंस. तो कागदावर सही करतो आणि मग त्याचा शब्द जन्मभर खाली पडू द्यायचा नसतो. "म्हणून आमचे पुढारी गावभरच्या पोरांचे निनाँग होतात," तू म्हणाला होतास. "एका सहीत अख्खं घर बांधून ठेवता येतं. मतांसकट."

आठवतंय, बेडोकच्या हॉकर सेंटरमधला, त्या स्वस्त खाण्याच्या गाळ्यांमधला तो रविवार? तू म्हणालास, "आमच्या प्रांतात सगळं गव्हर्नरच्या घराण्याचंच आहे." मला 'सगळं' हा शब्द चालत नाही. मला कुणी शिकवलं नाही. पाइपिंगची ड्रॉइंगं मी जुन्या प्रिंटा बघून बघून स्वतः वाचायला शिकलो, आणि बोल्टन् बोल्ट हातानं तपासल्याशिवाय आजही सही करत नाही. मी म्हटलं, "सगळं म्हणजे काय? नीट सांग."

तू सांगितलंस. बससेवा त्यांची. मासळीचा धक्का त्यांचा आणि मासळीला लागणारा बर्फही त्यांच्याच कारखान्यातला. केबल टीव्ही, मोठं हॉस्पिटल, शवगृह.

"आणि सत्ता?"

"म्हातारा गव्हर्नर होता. कायद्यानं लागोपाठ तीनदाच निवडून येता येतं, म्हणून मग बायको. बायकोनंतर मुलगा. आता मुलगा गव्हर्नर, सून मेयर, जावई काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत."

"मग विरोधी पक्षात कोण?"

"चुलतभाऊ."

आपण इतके हसलो की शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी वळून पाहिलं. मी तरी दुसरं काय करणार होतो? आमच्याकडं तालुक्यात साखर कारखाना, दूध संघ, बँक आणि कॉलेज एकाच घराण्यात. माझ्या लग्नात मुहूर्ताची वेळ झाली तरी साहेबांची गाडी आली नव्हती म्हणून भटजी अक्षता धरून थांबले होते, आणि मी अंतरपाटाआडून ओरडलो, "सुरू करा." कारखान्यातली नोकरी त्याच आठवड्यात गेली. हे ऐकून तू हातातला चमचा खाली ठेवलास. "कार्लाचा निनाँग तूच," म्हणालास. "त्यांच्यासाठी न थांबणारा एकच माणूस मला माहीत आहे."

केवढा फुगलो होतो मी तेव्हा.

तू गेलास तेव्हा शवपेटीबरोबर मी तुझ्या गावी आलो. तू सांगितलेलं एकेक पाहिलं. धक्का, बर्फाचा कारखाना, बसच्या काचेवरचा तो हसरा चेहरा. एकही गोष्ट तू फुगवून सांगितली नव्हतीस. आणि तुझ्या दारात पोचलो, तर अंगणात मांडव होता, त्याच्या झालरीवर हातभर अक्षरांत त्यांचं आडनाव आणि खाली तू.

माझ्या डोक्यात सणक गेली. ज्यांच्या दारात जायला लागू नये म्हणून तू घर सोडलंस, त्यांच्या नावाखाली तुला झोपवलं होतं. मी गावात दुसरा मांडव शोधायला निघालो. एक भाड्यानं देणारा भेटला. कुणाच्या घरचा कार्यक्रम ते त्यानं विचारलं, मी सांगितलं, आणि त्यानं स्वतःच्याच अंगणात पडलेल्या मांडवाकडं बघत मला सांगितलं की मांडव शिल्लक नाही. परत आलो आणि ती झालर तरी सोडावी म्हणून खुर्चीवर चढलो. तुझ्या बायकोनं, लुझनं, माझा हात धरला.

"राहू दे. पेटी विमानतळावरून त्यांच्याच शवगृहाच्या गाडीतून आली, बाहेरच्या खुर्च्या त्यांच्या. तू काय काय काढणार आहेस?"

"रामोनला हे आवडलं नसतं, लुझ."

"रामोनला." ती अगदी हळू बोलत होती, लोक बसले होते ना. "कार्लाला डेंग्यू झाला तेव्हा हॉस्पिटलात खाट मिळेना. मेयरबाईंच्या दारात कोण जाऊन बसलं? मी. शाळेचा दाखला अडला तेव्हा? मी. त्याची मान ताठ राहिली, कारण तो इथं नव्हता."

मी खुर्चीवरून उतरलो.

तुला हे ठाऊक होतं का, रामोन? मला वाटतं, नव्हतं. तिनं तुला सांगितलंच नसेल. आणि तू तरी कधी विचारलंस का, की खाट कशी मिळाली? सही करायच्या आधी पाइपचा सांधान् सांधा बघणारी आपण माणसं. हे कसं बघितलं नाही आपण? त्या रात्री मला माझा धाकटा भाऊ आठवत राहिला. तो गावात राहिला. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी साहेबांची चिठ्ठी त्यानंच आणली असणार. मीही कधी विचारलं नाही.

कालच्या फोनवर मी शेवटी कार्लाला म्हणालो, "पोरी, त्यांना नाही म्हणता येणार नाही का?"

"टीटो, मी त्यांच्या हॉस्पिटलात नर्स आहे. अजून पर्मनंट नाही. त्यांनी स्वतःहून निरोप पाठवला, निनाँग होतो म्हणून. नाही म्हणायचं तर कुठल्या तोंडानं म्हणू?" आणि मग लहान मुलीसारखी विचारती झाली, "पापा रागावले असते ना?"

मी खोटं बोललो नाही आणि खरंही बोललो नाही. येतो की नाही ते उद्या सांगतो, म्हणालो, आणि फोन ठेवला. आमची मुलगी बाजूलाच होती. "बाबा, तिचं वेडिंग आहे, तुमचं इलेक्शन नाही, लाह," इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली आणि उठून गेली.

रामोन, रागावला असतास तू. लग्नालासुद्धा गेला नसतास कदाचित. तुझा तो हट्ट मला किती आवडायचा, हे तुला कधी नीट सांगितलं नाही. आज त्याच हट्टाच्या जोरावर त्या पोरीला लाज वाटायला लावणं माझ्या हातात आहे. 'हो, रागावले असते', एवढं एक वाक्य पुरेल.

ते वाक्य मी बोलणार नाही, हा माझा तुला शब्द. आज संध्याकाळी तिला फोन करून येतो म्हणून सांगेन. गव्हर्नरच्या शेजारी उभा राहीन, त्याच्या सहीखाली सही करीन, त्यानं हात पुढं केला तर हातही मिळवीन. कार्ला माझ्या तोंडाकडं बघेल, तुझा राग शोधायला. तो तिला सापडणार नाही, एवढं मी बघेन.

तुझा,
दत्ता