ओळ रिकामी पडू नये म्हणून

बाबा, तुम्ही शेगडीसमोर उकिडवे बसला आहात आणि आईची भाकरी उतरायची वाट बघताय. हातात खंजिरी आहे. दमट हवेने तिचं कातडं सैल पडलंय आणि भजनाला निघण्याआधी ते शेकून ताठ करायचंय. आई मुद्दामच एक भाकरी उतरली की लगेच दुसरी टाकते. "अवो, शेगडी लेकराच्या पोटासाठी हाय का तुमच्या डफड्यासाठी?" "दोघांयसाठी," तुम्ही म्हणता. "पण लेकरू तं हासून राहिलं. हेच रडून राहिली, ऐक." आणि बोटाने टिचकी मारून तो ढप्प, ओला आवाज आईला ऐकवता. आई तोंडाला पदर लावते आणि तवा बाजूला सरकवते. मी पाटावर बसून हे सगळं बघतेय. तेव्हा वाटायचं, सगळ्यांच्याच घरी भाकरीनंतर खंजिरी शेकत असतील.

ती खंजिरी आत्ता माझ्या मांडीवर आहे. येत्या महिन्यात मी धरमपेठेतलं हे घर सोडतेय. माझ्यासारख्या एकट्यांसाठी एक निवास आहे, तिथे खोली मिळाली आहे. खोलीत एक पलंग, एक कपाट आणि खिडकी आहे. जेवण खालच्या हॉलमध्ये, त्यामुळे खोलीत शेगडी नाही. म्हणजे खंजिरी तिथे नेण्यात अर्थ नाही, ती कायमची ढप्पच बोलेल. ती कुणाला द्यायची हे मला ठरवायचंय आणि ते ठरत नाही, म्हणून तुमच्याशी बोलायला बसले.

तुमचं गाणं तुम्ही कधी शिकवलं नाही, घरात ते जगलात फक्त. नरखेडकडचं गाव सोडून कचेरीत नोकरीला आलात, तेव्हा गावातली भजनाची रीतही इथे आली. एकाने ओळ म्हणायची आणि मागच्यांनी ती उचलायची. त्याला तुम्ही झील धरणं म्हणायचात. घरातही तोच नियम होता. सकाळी दाढी करताना तुम्ही पहिली ओळ म्हणायचात, फोडणी टाकता टाकता आई ती उचलायची, आणि वेणी घालून घेताना मी. आईचा आवाज घोगरा होता, माझा नाकातून यायचा, पण तुम्ही सूर कुणाचाच बघितला नाही. एकदा मी रुसले होते, गप्प बसले, तर साबणाच्या फेसातून म्हणालात, "काहून वं माय, भांडण माह्याशी हाय ना? ओळीनं तुयं काय केलं? एकट्याची ओळ रिकामी पडू द्याची नाही."

मग मी कॉन्व्हेंटमध्ये गेले आणि माझा कान दुसऱ्या घरात राहायला गेला. तिथे पियानो होता, उंच छत होतं, आणि एकाच वेळी मुली खालचा आणि वरचा असे वेगवेगळे सूर गायच्या. मला ते फार आवडलं. घरी येऊन तुम्हाला समजावून सांगितलं, तर तुम्ही विचारात पडलात. "सगळेच येगयेगळं म्हणून राहिले, तरी भांडण नाही? बरं हाय. आमच्या मंडळात अशे असते तं कवाचं मोडलं असतं."

वार्षिक समारंभाला मला एकटीची ओळ मिळाली. सगळ्या मुलींनी थांबायचं, मी एकटीने म्हणायचं, मग क्षणभर शांतता आणि मग पियानो. ती शांतता मुद्दाम ठेवलेली होती, संगीताच्या सिस्टरनी ती आमच्याकडून किती वेळा घोटून घेतली होती. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून मागच्या खुर्च्यांमध्ये बसलात. मी ओळ म्हटली. शांतता आली. आणि मागून तुमचा आवाज आला. इंग्रजी शब्द तुम्हाला कुठले येणार, शेवटचा तेवढा एक शब्द धरून अख्खी चाल तुम्ही उचललीत, भजनात उचलतात तशी, मोकळ्या गळ्याने. हॉल वळून बघायला लागला. पुढच्या रांगेतल्या मुली खुसखुसल्या. माझे कान तापले आणि पियानो उशिरा सुरू झाला.

परत येताना सायकलच्या कॅरिअरवर मी तुम्हाला न धरता बसले होते. तुम्हाला काही चुकलंय हे कळलं होतं, पण काय ते कळलं नव्हतं. चढ आला तसे खाली उतरून सायकल ढकलत तुम्ही म्हणालात, "तू एकटी पडली होती वं. येवढ्या पोरी उभ्या, पण कोनीच तुयी ओळ उचलली नाही." दुसऱ्या दिवशी सिस्टरनी मला बोलावलं. मी रडायच्या तयारीनेच गेले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या बाबांना सांग, सूर अगदी बरोबर लागला होता." हे मी घरी सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कितीतरी दिवस आल्यागेल्याला "सिस्टरबाई म्हने" सुरू होतं. शेवटी आई म्हणाली, "आता तिकडंच जा भजनाले. शेगडी तरी मोकळी राहीन."

सासर लकडगंजचं, लाकडाच्या व्यापाऱ्यांचं. तिथे गाणं बसून ऐकायचं असे. यांच्याकडे सतारीच्या रेकॉर्डी होत्या, आणि रविवारी सकाळी ते डोळे मिटून ऐकत. मध्ये कपाची बशीसुद्धा वाजलेली त्यांना चालत नसे. एकदा मी नकळत गुणगुणले, तर त्यांनी डोळे उघडून नुसतं बघितलं, रागाने नाही, झोपमोड झाल्यासारखं. माणूस फार चांगला होता, बाबा. त्यांच्यामुळे मला ऐकता यायला लागलं. इतकं, की ते गेल्यावरही रविवारी मी बशी अलगद ठेवते.

गेल्या दिवाळीत मुलगी फोनवर म्हणाली, "आई, आजोबांची भजनं, शाळेतली प्रार्थना, बाबांची सतार. तुला स्वतःला काय आवडतं गं?" ती कॅनडात असते, कानात सतत काहीतरी घालून. फोन ठेवून घरभर फिरत राहिले, जणू उत्तर कुठल्या तरी कपाटात ठेवलंय.

परवा गावाहून भाचा, चुलतभावाचा मुलगा, आला होता, संत्र्यांची पेटी घेऊन. "आत्या, आजोबाची खंजिरी मंडळाले द्या नं. काचेच्या पेटीत ठेवतो, हार घालतो." मी म्हटलं, "अरे, वाजवणार नाही का?" "आता प्याड असते नं आत्या, बटन दाबलं का सगळंच वाजते." मी त्याला चहा दिला.

तो गेल्यावर गॅस पेटवून खंजिरी शेकायला घेतली, आणि तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. फोन डब्याला टेकवून ठेवला. ती भांडी घासत होती. तुमच्या दाढीच्या वेळची ती ओळ माझ्या तोंडून सहज निघाली. ओळ संपली, आणि फोनमधून तीच ओळ परत आली. अगदी जागेवर. मी खंजिरी आचेवरून उचलली. मी विचारलं, "तू माझ्यामागून म्हटलंस?" "नाही गं, तुझ्याबरोबरच म्हणत होते. आवाज उशिरा पोचतो ना इथून."

तर बाबा, ठरवलंय ते असं. यांच्या रेकॉर्डी त्यांच्या मित्राला, तेही एकटेच असतात आणि बशी वाजवत नाहीत. कॉन्व्हेंटमधलं माझं प्रार्थनेचं पुस्तक त्या शाळेच्या ग्रंथालयाला. खंजिरी भाच्याला, पण काचेच्या पेटीत नाही. शेकून वाजवणार असेल तरच. मुलीला काही देत नाही. तिच्याकडे आहे ते पोचलेलं.

स्वतःसाठी काय ठेवावं हे सुचत नव्हतं. पण एक सांगते. सकाळी ओळ म्हणून झाली की मी अजून थोडं थांबते. कोणी उचलत नाही हे माहीत असतं, तरी थांबते. मला गाण्यात तेवढं थांबणंच आवडतं, बाबा. ते मी सोबत नेतेय.