एक मत आणि एक दाढ

रविवार, ३ तारीख. दुपारी १:४०

निवडून आलो! नगराध्यक्ष झालो!

मला ८१२, डॉक्टरांना ८११. मोजणी तीनदा झाली. तिन्ही वेळा मीच. काही कोत्या मनाची माणसं याला 'निसटता' विजय म्हणतात. मी याला नेमका विजय म्हणतो. हवी तेवढीच मतं घेतली, एकही वाया घालवलं नाही.

प्रतिस्पर्धी सामान्य नव्हता. गावातले एकुलते एक दातांचे डॉक्टर. सव्वीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालून लोकप्रिय झालेला माणूस. त्यांना एका पडद्यांच्या दुकानदारानं पाडलं. त्यांचा जाहीरनामा एका ओळीचा : ओढ्यावरच्या पुलाची तिसरी फळी बसवीन. माझा चोवीस पानी, गुळगुळीत कागदावर, रंगीत. त्यात पान एक ते नऊ नुसतं कारंजं.

ते निर्णायक एक मत कोणाचं असेल? हिला विचारलं, तुझंच ना? ही म्हणाली, मतदान गुप्त असतं. लाजली असावी.

(मी स्वतः कोणाला मत दिलं ते इथे लिहायची गरज नाही. खूण करताना पेन जरा जास्त दाबलं गेलं, एवढंच.)

विजयाच्या टॉफ्या वाटल्या. मेहुण्यानं आणलेल्या, दगडासारख्या. मी स्वतः तीन खाल्ल्या. तिसरीला डाव्या बाजूला 'कट्' असा आवाज झाला. आनंदाच्या भरात दुर्लक्ष केलं.

सोमवार, ४ तारीख. सकाळी ११

नगरपालिकेत पहिला दिवस. खुर्ची मोठी आहे. डावीकडे कललं की कुरकुरते, म्हणून उजवीकडे कलायचं ठरवलं.

हेडक्लार्क बाई भेटल्या. त्यांनी आजवर पाच अध्यक्ष पाहिलेत. त्यांना विश्वासात घेऊन कारंज्याची योजना सांगितली. बाई उठल्या, कपाट उघडलं आणि पाच गुंडाळ्या टेबलावर ठेवल्या. पाच अध्यक्षांच्या पाच कारंज्यांचे नकाशे. सहावा कप्पा रिकामा आहे म्हणाल्या. एकूण बाई सहकार्य करणाऱ्या दिसतात.

संकल्प : रोज पहाटे पाचला उठणे. रोज एका वॉर्डात पायी फिरणे. कोणावरही न चिडणे. डाव्या बाजूनं न चावणे (तात्पुरतं).

मंगळवार, ५ तारीख. रात्री ८

साडेआठला उठलो. संकल्प उद्यापासून.

तारीख ठरली! शनिवार, १६, संध्याकाळी सहा, नगरपालिकेचं आवार. नवनिर्वाचित अध्यक्षांचं नागरिकांना पहिलं संबोधन. भाषण लिहून काढलं. बेचाळीस मिनिटं भरतं.

मेहुणा माझा राजकीय सल्लागार. सध्या मोकळाच असतो, गेली अकरा वर्षं. त्याचं म्हणणं, भावजी, बारा मिनिटांच्या वर लोक ऐकत नाहीत. त्याच्या शब्दाला मान देऊन एकोणचाळीस मिनिटांवर आणलं. याच्याखाली येणं म्हणजे मतदारांचा अपमान.

भाषणाचा कळस मात्र मीच शोधलाय. शेवटी दोन्ही हात पसरून विचारायचं, ते एक मत कोणाचं होतं? पुढे या! ती व्यक्ती डोळे पुसत मंचावर येणार. शाल-बिल नको, नुसती मिठी. माणसं वर्षानुवर्षं सांगतील.

दाढ थोडी ठणकतेय. विजयाचा ताण.

गुरुवार, ७ तारीख. दुपारी ४

आजचा संकल्प : ते एक मत शोधणे. रस्त्यात भेटेल त्याला अंदाजानं म्हणायचं, ते मत तुमचंच होतं, मला माहितीय.

न्हाव्यानं कबूल केलं. पोस्टमननं कबूल केलं. निवृत्त मास्तरांनी कबूल केलं आणि वर दुकानाच्या पडद्यात सवलत विचारली. संध्याकाळपर्यंत चौदा जण झाले. शाळेसमोरची फुलवालीसुद्धा हो म्हणाली. ती मागच्याच आठवड्यात इथे राहायला आलीय.

मिठ्या चौदा मारायच्या तर भाषण कापावं लागेल. विचारात पडलो आहे.

शनिवार, ९ तारीख. सकाळी १०:३०

पुलाची पाहणी केली. लोक उगाच बाऊ करतात. बाजारातून शाळेकडे जाताना तिसरी फळी नाही, तिथे फक्त एक लांब ढांग टाकायची. गावातल्या लहान-थोर सगळ्यांना सवय आहे. बायका पिशव्या घेऊन टाकतात, मास्तर काठी घेऊन टाकतात. मी म्हणतो, यानं व्यायाम होतो. भाषणात 'सुदृढ नागरिक' या मुद्द्याखाली घेता येईल.

मीही ढांग टाकली. पलीकडे पाय आपटला आणि दाढेतून थेट डोळ्यात कळ गेली. पुलावरच बसलो. लोकांना वाटलं मी भावुक झालोय. तसंच वाटू दिलं.

हिनं घरी आल्यावर तोंडात टॉर्च मारून पाहिलं. दाढेतलं सिमेंट निम्मं उडालंय म्हणाली. ते सिमेंट दोन वर्षांपूर्वी भरलं कोणी? डॉक्टरांनीच! म्हणजे मी उघड्यावर लढत होतो आणि विरोधकांचा माणूस माझ्याच तोंडात बसला होता. निकाल लागताच फुटला.

ही म्हणाली, अहो, त्यांच्याकडे जा आणि दाखवा. मी म्हटलं, ज्याला मी पाडलं त्याच्यासमोर आता आ करून झोपू? काही मानसन्मान आहे की नाही?

सोमवार, ११ तारीख. दुपारी २

उपाय सापडला. शेजारच्या गावातही दातांचे डॉक्टर आहेत. गुपचूप जायचं. मेहुण्याला घेऊन बसनं गेलो. मफलर गुंडाळला होता. बसमध्ये सहा जणांनी 'काय अध्यक्ष, दाढ का?' म्हणून विचारलं.

दवाखान्याला कुलूप. दारावर चिठ्ठी : डॉक्टर २५ तारखेपर्यंत सुटीवर. तातडीच्या रुग्णांनी शेजारच्या गावातल्या आमच्या गुरुजींकडे जावं. खाली पत्ता. आमच्याच गावाचा. आमच्याच डॉक्टरांचा.

पाळंमुळं किती खोल गेलीयत पाहा.

बुधवार, १३ तारीख. सकाळी ९

लवंग धरली. बर्फ धरला. गरम मिठाचं पाणी धरलं. मेहुण्याच्या सांगण्यावरून एका पायावर उभा राहिलो. ठणका तसाच, वर पाय दुखतोय.

बाजारात डॉक्टर समोरून आले. चुकवायला न्हाव्याच्या दुकानात शिरलो आणि नको असताना केस कापून घेतले. बाहेर आलो तर ते दारातच उभे. माझ्या गालाकडे बघितलं, फक्त म्हणाले, शनिवारी तीनला मी मोकळा आहे. निवडणुकीचा विषय नाही, टोमणा नाही. असली माणसं जास्त धोकादायक.

शनिवार, १६ तारीख. दुपारी २:२०

ऐतिहासिक दिवस. डावा गाल लिंबाएवढा सुजलाय. उजवीकडून फोटो काढायला सांगितलंय.

नऊ वाजता तालीम केली. 'बंधुभगिनींनो'वरच कळ आली. ही म्हणाली, अशानं एकोणचाळीस मिनिटं काय, एकोणचाळीस शब्द व्हायचे नाहीत.

शहराच्या हितासाठी स्वाभिमान बाजूला ठेवायचं ठरवलं. मोठ्या नेत्यांना असे निर्णय घ्यावे लागतात.

शनिवार, १६ तारीख. दुपारी ४:१०

दवाखान्यातून आलो. मागच्या दारानं गेलो होतो. ते दार स्वयंपाकघरात निघालं. डॉक्टरांच्या मिसेसनी वाट दाखवली.

डॉक्टरांनी विचारलं, दुखतंय? मी म्हटलं, मुळीच नाही. त्यांनी आरशाच्या दांड्यानं जरा टकटक केलं. मी म्हटलं, हो.

त्यांचा सल्ला होता की आज फक्त गोळी घ्या, दाढेचं काम उद्या करू. आज बधिर केलं तर रात्रीपर्यंत जीभ वळायची नाही. म्हणजे मी आज भाषण करू नये हा डाव! मी ताबडतोब ओळखला. खुर्चीतूनच अध्यक्ष या नात्यानं आदेश दिला, आत्ताच्या आत्ता करा. ते म्हणाले, अध्यक्षसाहेब, तुमचं तोंड आहे. आणि केलं. दोन इंजेक्शनं.

आता काहीही दुखत नाही. गाल, जीभ, ओठ, काहीच आहे असं वाटत नाही. पाणी प्यायलो तर शर्टावर गेलं. सहापर्यंत उतरेल. माझी प्रकृती इतरांसारखी नाही.

शनिवार, १६ तारीख. संध्याकाळी ७:४५

अभूतपूर्व!!

आवार गच्च भरलेलं. बधिरपणा थोडा शिल्लक होता. 'माझ्या प्रिय नागरिकहो'चं 'माफ्या फिय फागरिकफो' झालं, पण भाव पोचला. एकदोघं हसले. मग न्हाव्यानं उभं राहून विचारलं, अध्यक्ष काय म्हणतायत? कोणाला कळेना. डॉक्टर पहिल्याच रांगेत होते, माझी दाढ बघायला आले होते म्हणे. ते म्हणाले, मला कळतंय. सव्वीस वर्षं त्यांची सगळी गिऱ्हाइकं असंच बोलतात. लोकांनी त्यांना उचलूनच मंचावर पाठवलं.

मग मी बोलायचं आणि त्यांनी लोकांना सांगायचं. ते काय सांगतात याकडे माझं लक्ष नव्हतं, मी माझ्याच ओघात होतो. पण माझा एकेक मुद्दा घरोघरी पोचत होता हे टाळ्यांवरून कळत होतं. शेवटची टाळी तर थांबेचना. तेवढ्यात लोक उठून घरी गेल्यामुळे मिठीचा कार्यक्रम राहिला.

हीसुद्धा रडली. निदान रुमाल तोंडाला लावून खांदे हलत होते.

रविवार, १७ तारीख. दुपारी १२

मेहुण्यानं मोबाइलवर सगळं भाषण रेकॉर्ड केलंय. आज घरच्यांसमोर लावलं. सवडीनं पाहिलं, ऐकलं. पुढीलप्रमाणे :

मी विजयाच्या अर्थावर सहा मिनिटं बोललोय. डॉक्टर : ते म्हणतात, ते निवडून आले आहेत.

मी त्याग आणि सेवेवर आठ मिनिटं बोललोय. डॉक्टर : ते पुन्हा म्हणतात, ते निवडून आले आहेत.

कारंजं, नऊ पानं. डॉक्टर : त्यांना कारंजं हवंय. (हशा. हशातला एक आवाज हेडक्लार्क बाईंचा.)

मग ते एक मत, त्या अज्ञात मतदाराचं औदार्य, त्याचे आभार. इथे माझा आवाज भरून आलाय, म्हणजे फ जास्त आहेत. डॉक्टर खोकले. मग : ते ज्याचं मत होतं त्याचे आभार मानतात.

मग मागून मास्तर ओरडले, पुलाची फळी कधी? यावर मी तज्ज्ञ समिती, तिची उपसमिती, पाहणी, अहवाल असं चार मिनिटं सविस्तर उत्तर दिलंय. डॉक्टर माझ्याकडे बघतायत, लोकांकडे बघतायत. मग एकच शब्द : सोमवारी.

ती न थांबणारी टाळी इथलीच.

मेहुण्यानं विचारलं, परत लावू? मी नको म्हटलं. फार वाईट वाटलं. एकोणचाळीस मिनिटांत मी खरंच एवढंच बोललो होतो का? हिला विचारलं. ही म्हणाली, कारंज्याचं सोडलं तर हो.

सोमवार, १८ तारीख. सकाळी ११

खुलासा करून सोमवार रद्द करायचं ठरवून निघालो होतो. पुलाशी पोचलो तर निम्मं गाव आठपासून उभं. सुतार आपणहून आलेला, फळीही त्याचीच, दोन वर्षं मापानं कापून ठेवलेली. कोणीतरी बसव म्हणायची वाट बघत होता. सगळे माझ्याकडे बघत होते.

म्हटलं, बसव.

पंचवीस मिनिटं. मग पहिलं पाऊल अध्यक्षांनी टाकावं असा आग्रह झाला. एक, दोन, आणि तिसऱ्या फळीशी सवयीनं ढांग टाकली. मागून अख्ख्या गावानं टाकली. कोणाचाही पाय त्या फळीला लागला नाही. सगळे इतके हसले की पूल हलायला लागला. मीही हसलो. दाढ अजिबात दुखली नाही.

परत येताना ही एकटीच मागे वळली, त्या फळीवर दोन्ही पाय ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, छान झालं हो. लग्नाला एकवीस वर्षं झाली; असं तिनं दुकानाच्या कुठल्याही पडद्याला म्हटलेलं नाही.

संकल्प : यापुढे भाषणं लहान करणे. (वीस मिनिटं.)

गुरुवार, २१ तारीख. संध्याकाळी ६:३०

दाढेची तपासणी होती. पुढच्या दारानं गेलो.

डॉक्टरांनी आरसा आत घातला आणि शांतपणे काम चालू ठेवून म्हणाले, एक सांगायचं होतं, त्या दिवशी मंचावर बरं दिसलं नसतं. तुम्ही त्या एका मताचा शोध घेताय असं ऐकलं. चौदा जण झाले म्हणे.

मी 'आं' म्हटलं. आरसा आत असताना तेवढंच म्हणता येतं.

म्हणाले, मतदानाच्या दिवशी कागदावर दोन नावं होती. स्वतःच्याच नावापुढे खूण करायची म्हणजे मला फार कसंसं झालं. म्हटलं, आपणच आपल्याला चांगलं म्हणायचं? तुमच्या नावापुढे केली. एका मतानं असं काय होणार होतं?

मनात हिशेब केला. त्यांचं ते मत माझ्याकडून काढलं तर मी ८११. त्यांना दिलं तर ते ८१२. तीनदा केला. तिन्ही वेळा तेच.

त्यांनी आरसा काढला, दाढ उत्तम आहे म्हणाले, हात धुतले. मग टॉवेलला हात पुसत अगदी सहज विचारलं, आणि तुम्ही कोणाला दिलंत?

तपासणी संपली होती. तरी मी तोंड उघडंच ठेवलं.