बटण दहावर, गाठ नळीवर

आदरणीय विहीणबाईंस सप्रेम नमस्कार.

व्याह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं मुलीकडून कळलं आणि जिवात जीव आला. डोळा टोचतो का, पाणी येतं का, पट्टी कधी निघणार, आणि मुख्य म्हणजे ते गप्प पडून राहतात का, हे सवडीने कळवा. (शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, पण विचारायची रीत असते.) मुलीलाही सातवा लागला, तेव्हा भलत्या वेळी भूक लागत असेल, तुमच्या स्वयंपाकघराबद्दल मला सहानुभूती आहे. सध्या व्याह्यांची पत्रं तुम्हीच वाचून दाखवता, म्हणून हे मुद्दाम तुमच्या नावाने लिहितोय. आधी एकट्याने वाचा. शक्यतो दार लावून.

विषय गाडीचा आहे. घाबरू नका, गाडीवर ओरखडासुद्धा नाही. पट्टी निघेपर्यंत ती माझ्याकडे ठेवताना व्याह्यांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. रोज थोडी फिरवायची, आणि डॅशबोर्डखालचं जोर वाढवायचं गोल बटण तीनच्या पुढे न्यायचं नाही, कारण मला ते झेपायचं नाही. आता ज्याने उभी हयात वजनमापे खात्यात दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात घालवली, त्याला शून्य ते दहा आकडे असलेलं बटण दाखवायचं आणि तीनवर थांब म्हणायचं, म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला बसवण्यातला प्रकार. तरी मी थोडे दिवस थांबलो, मुलीचा बाप पडलो. मग चार केलं. काही झालं नाही. सहा केलं, आठ केलं, शेवटी डोळे मिटून दहा केलं. (गाडी तेव्हा उभी होती.) चालवून पाहिली तर गाडी जशी शून्यावर तशीच दहावर. माझी पाचावर धारण बसली. दहावर मान मागे जाऊन सीटला आपटते, असं व्याही सोयरीक जुळल्यापासून सांगत आलेत. माझी मान जागची हलली नाही, याचा अर्थ त्यांची लाडकी गाडी माझ्याच हातून बिघडली होती. आमची ही म्हणाली, नसती उठाठेव कुणी सांगितली होती. (ही माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवते, त्यामुळे तिला तसं बोलायचा हक्क आहे.)

गल्लीच्या टोकाच्या गॅरेजवाल्याला सगळे प्रोफेसर म्हणतात, कारण त्याच्या हातापेक्षा तोंड जास्त चालतं. त्याने दाब मोजायचा काटा लावून दिला. प्रत्येक आकड्यावर काटा एकाच जागी. मग त्याने मला सगळं समजावलं, आणि विहीणबाई, हे इतकं मजेशीर निघालं की मी जेवायला जायचं विसरलो. इंजिनातला धूर बाहेर जाता जाता एक पंखा फिरवतो, त्याने इंजिनात जास्तीची हवा कोंबली जाते, आणि जास्त हवा म्हणजे जास्त जोर. हा झाला टर्बो. पण हवा वाढली की धूर वाढतो, धूर वाढला की पंख्याचा वेग वाढतो, आणि हे असंच चालू राहिलं तर इंजिनाच्या चिंधड्या होतील. म्हणून धुराच्या वाटेत एक छोटं दार असतं, त्याचं नाव वेस्टगेट. एक स्प्रिंग ते दार बंद धरून ठेवते. कोंबलेल्या हवेचा दाब एका नळीतून त्या स्प्रिंगच्या डबीत येतो. तो स्प्रिंगला भारी पडला की दार उघडतं आणि जादा धूर पंख्याला न शिवता निघून जातो. बटणाचं काम एवढंच, की त्या नळीच्या एका फाट्यातून थोडी हवा गुपचूप सोडून द्यायची, म्हणजे स्प्रिंगच्या डबीला वाटावं की दाब अजून आलाच नाही. शुद्ध फसवणूक. आमच्या खात्यात याला दंड होता.

प्रोफेसरचं निदान असं की स्प्रिंग म्हातारी झाली. मी म्हटलं, पुरावा? गाडीतली पांढरी स्प्रिंग काढून घेतली, त्याच्याकडची तशीच नवी मागून आणली, हिचा स्वयंपाकघरातला वजनकाटा ओट्यावर मांडला, आणि शेजारी मोजपट्टी उभी धरून दोन्ही स्प्रिंगा एकाच उंचीपर्यंत दाबून पाहिल्या. काट्यावर दोघींचा जोर सारखा. (हिने काटा नंतर दोनदा घासला.) तरी प्रोफेसरचा हट्ट सुटेना. त्याने खणातून एक लाल, जाडजूड स्प्रिंग काढली. ही टाका, म्हणजे गाडी सुटेल. मी विचारलं, आणि नंतर नको वाटली तर बटणाने कमी करता येईल? प्रोफेसर पहिल्यांदाच दोन शब्दांत आटपला. नाही येत. बटण दाब वाढवू शकतं, स्प्रिंगच्या खाली कुणीच नेऊ शकत नाही. म्हणजे मुळात मऊ असेल त्याला चढवता येतं, मुळातच ताठ असेल त्याला उतरवायची सोय नाही. (मला आमचे एक साहेब आठवले.) पट्टी निघाल्यावर पहिली फेरी माझ्या मुलीला शेजारी बसवून मारायची, असं व्याह्यांनी जाहीर केलंय. लाल स्प्रिंग मी खणात परत ठेवायला लावली.

मग राहिली नळी. बटणाकडे जाणारा तो रबरी फाटा बोटाने चाचपत गेलो, तर बॅटरीमागच्या कोपऱ्यात तो दुमडून काळ्या रेशमी धाग्याने बांधलेला. प्रोफेसर म्हणाला, ही आमच्या लोकांची गाठ नव्हे, आम्ही तार पिळतो. मी मात्र गाठ ओळखली. लग्नाच्या गडबडीत लोखंडी खुर्चीत माझा अंगठा फाटला तेव्हा तुम्ही मला कोपऱ्यात बसवून टाके घातले होतेत. टाके निघेपर्यंत मी त्या गाठींकडेच बघत होतो. असं नेटकं काम आमच्या खात्यातल्या मोहरबंद वजनांवरही पाहिलं नव्हतं. तुमच्यासारख्या ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरशिवाय ती गाठ कुणाला जमणार? आणि नळ्या दोन होत्या. शेजारची बांधली गेली असती तर दाब स्प्रिंगपर्यंत पोचलाच नसता आणि इंजिन फुटलं असतं. तुम्ही बांधायची तीच बांधलीत. प्रोफेसरने कानाला हात लावला.

आधी मला खूप हसू आलं, मग गहिवरून आलं. हा माणूस इतकी वर्षं बटण दहावर नेतोय, मान मागे आपटून घेतोय, आणि तुम्ही शेजारी बसून सावकाश हो म्हणताय. त्यांचा मानही राहिला आणि त्यांची मानही. मी स्वतः त्या गाडीत मागे बसून जीव मुठीत धरलाय, तो कशाच्या भीतीने, हे आता शोधायला हवं. असो. मी बॉनेट लावलं. स्प्रिंग तीच आहे, माझ्या तोंडून हे कुठे फुटणार नाही, आणि मुलीची काळजी माझ्याआधी कुणीतरी केलेली आहे या विचाराने मला आता शांत झोप लागते. व्याह्यांना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

आपला नम्र,
मुलीचा बाप

ता. क. सोबत व्याह्यांसाठी वेगळी चिठ्ठी आहे. ती मोठ्याने वाचावी. तिच्यात मी लिहिलंय की गाडी भयंकर आहे आणि तीनच्या पुढे जायची माझी छाती झाली नाही.

ता. क. २. वर मी ‘स्प्रिंग तीच आहे’ असं लिहिलं, गाठीबद्दल काही लिहिलं नाही, हे तुमच्या नजरेतून सुटलं नसेलच. गाठ मी सोडली. फक्त बघायला. व्याही सांगतात ते अक्षरन् अक्षर खरं आहे, मान सीटला आपटते. आता मला ती गाठ पुन्हा मारता येत नाही. हिची गाठ दुसऱ्या वळणावर शिट्टी मारून सुटली. प्रोफेसरची तार रबर कापते. पट्टी निघायच्या आत आणि मुलगी त्या गाडीत बसायच्या आत तुम्ही धागा घेऊन इकडे या. निमित्त काहीही सांगा, मी आजारी आहे म्हणून सांगितलंत तरी चालेल.

ता. क. ३. पत्र बंद करणार होतो, पण थोडं घाईनेच या. स्वतःचा भरवसा वाटेना म्हणून काल गाडीची किल्ली मी हिच्याकडे सांभाळायला दिली. सकाळपासून ही घरात नाही, आणि गाडीही नाही.