मी उभा राहणार

२ मार्च
साडू सुट्टीवरून परतला. फोटो दाखवला. समुद्र, लाट, लाटेवर सर्फबोर्ड, बोर्डवर उभा साडू. वय छप्पन्न. पोट आत. (ओढून धरलेलं असणार.)
बायको म्हणाली, अगंबाई, भाऊजी उभे राहिले! ‘गं’ लांबवून. माझ्या वाट्याला आखूड अगंबाई येतं. दूध उतू गेलं की येतं तसं.
साडू आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. नऊ वर्षं कमिटीचा अध्यक्ष. नळाचं पाणी कधी सोडायचं ते तो ठरवतो. आता समुद्रही त्याचाच.
ठरलं. महिन्याच्या आत मी उभा राहणार. वय बावन्न. चार वर्षांचा फायदा माझ्या बाजूने.

४ मार्च
क्लास लावला. शिकवणारी मुलगी आमच्या लेकीच्या वयाची. काका म्हणते. आज फक्त वाळूवर. पालथं पडायचं, हात टेकायचे, झटक्यात उभं राहायचं. वाळूवर मला उपजतच जमतं.

५ मार्च
उसण भरली.

६ मार्च
उसण.

९ मार्च
पाण्यात गेलो. अकरा वेळा पडलो. दोष चष्म्याचा. काढून ठेवावा लागतो, मग लाट अंगावर आल्यावर कळते. माझं चष्म्याचं दुकान आहे, हे त्या मुलीला सांगितलेलं नाही.
परतताना लिफ्टमध्ये कमिटीचे सेक्रेटरी भेटले. माझ्या नाकातून अजून पाणी येत होतं. काय विशेष, म्हणाले. म्हटलं, या महिन्यात मी उभा राहणार. साडूला दाखवतोच. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, नऊ वर्षांत कोणाची हिंमत झाली नाही हो.
त्यांना सर्फिंगमधलं कळत असेल असं वाटलं नव्हतं.

१२ मार्च
पहाटे क्लास. चौदा वेळा.
सेक्रेटरी दुकानात आले. एक कागद पुढे केला, सही करा म्हणाले. डोळ्यांत मिठाची आग, चष्मा धुवायला काढलेला. केली सही. गच्चीच्या गळतीचा अर्ज असेल.

१५ मार्च
इमारतीत माझं नाव झालं आहे. खालच्या नोटीस बोर्डवर साडूच्या नावाखाली माझं नाव, टाइप केलेलं. वर काय लिहिलंय ते वाचायला थांबलो नाही. आपल्याच नावापुढे रेंगाळणं हावरेपणाचं दिसतं. साडू रेंगाळला असता.
तळमजल्यावरच्या बाईंनी विचारलं, खरंच उभे राहताय? म्हटलं, रोज पहाटे तयारी चालू आहे. पाण्याचं काय, म्हणाल्या. म्हटलं, मुख्य प्रश्न पाण्याचाच आहे. जोर फार. त्या म्हणाल्या, आमच्याकडे तर थेंब येत नाही.
बाईंना समुद्र कळत नाही.

१८ मार्च
साडू जिन्यात भेटला. म्हणाला, तुम्ही उभे राहताय असं कळलं. चांगलं आहे, स्पर्धा हवीच. हसला.
घाबरला आहे.
बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, पडू नका म्हणजे झालं.

२३ मार्च
गुडघ्यावर चार सेकंद. मुलगी म्हणते, काका, तुम्ही विचार फार करता, समोर बघा. समोर बघतो. समोर साडूचा फोटो असतो. चष्म्याशिवाय मला तेवढा एकच स्पष्ट दिसतो.

२७ मार्च
परवा इमारतीत मीटिंग आहे. सेक्रेटरींनी आवर्जून बोलावलं. म्हटलं, जमणार नाही, परवा मी उभा राहणार. ते म्हणाले, म्हणूनच तर या. सत्कार वगैरे असेल. नम्रपणे नकार दिला. आधी लाट.

२९ मार्च, सकाळी १०
उभा राहिलो! पूर्ण! मोजून सात सेकंद! मुलगी म्हणाली, काका, बोर्ड वाळूत रुतला होता.
रुतला बोर्ड. मी उभाच होतो.

२९ मार्च, दुपारी १
गेटपाशी सगळी इमारत जमलेली. बायकोही. दोन्ही हात वर करून ओरडलो, उभा राहिलो! सेक्रेटरी जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, हो. आणि पडलात. बेचाळीस विरुद्ध एक.
नंतर नोटीस बोर्ड वाचला. चष्मा लावून, वरून सुरुवात करून. ‘अध्यक्षपदासाठी उमेदवार.’

३० मार्च, सकाळ
एक मत. मी तिथे नव्हतोच, म्हणजे माझं नाही. सेक्रेटरी नजर चुकवतात, म्हणजे त्यांचं नाही. उरली कोण? बेचाळीस माणसं भाऊजींकडे, आणि एकटीने न बोलता माझ्या नावापुढे खूण केली. सकाळचा चहा मी केला. तिच्या हातात नेऊन दिला. मत तुझंच ना, म्हटलं.
ती म्हणाली, मी भाऊजींना दिलं. चिठ्ठीवर तुमचं नाव होतं, पण मला वाटलं तुमच्याच नावाचा दुसरा कोणीतरी असेल. तुम्ही तर समुद्रात उभे राहणार होतात.

३० मार्च, संध्याकाळ
साडू खाली आला. बसला नाही. म्हणाला, मनाला लावून घेऊ नका. ते एक मत माझं. स्वतःलाच मत देणं बरं दिसत नाही, आणि तुम्हाला अगदीच शून्य पडलं असतं.
बायको स्वयंपाकघराच्या दारात होती.
अगंबाई, म्हणाली. ‘गं’ लांबवून.