भिंतीवरच्या बाईसाठी

वेस्टरलुंड, ११ नोव्हेंबर

प्रिय थीरा,

तिकडे कोपनहेगनला तू बरी असशीलच. आमचंही चाललंय. काल मार्टिनच्या सणाचं बदक केलं, निम्मं उरलं. पूर्वी हाडंसुद्धा उरत नसत.

गाव सध्या माझ्या नावाने खडे फोडतंय. आपल्या चर्चच्या उत्तर भिंतीवरची लोणी घुसळणारी बाई आठवते ना, सैतान जिला मदत करतो ती? कित्येक पिढ्या चुन्याखाली सुखरूप होती बिचारी. आजोबांच्या काळात चुना खरवडून तिला बाहेर काढलं, आणि आता तिचा रंग भुगा होऊन बाकांवर पडतोय. संग्रहालयातून मेरेते नावाची मुलगी बघायला आली होती. तिच्या मते दोष बाकांखालच्या हीटरचा. रविवारपुरतं तापवायचं, मग आठवडाभर गार. त्यात भिंतीतलं मीठ वर येतं आणि रंगाला ढकलून देतं. चित्र हवं असेल तर हिवाळाभर चर्च गारच ठेवा, म्हणाली.

चर्च समितीच्या सभेत बेकरीवाली डॅग्नी उठली. "भिंतीवरच्या बाईसाठी जिवंत बायकांनी कुडकुडायचं का गं, बोडिल?" सगळे हसले. मीही हसले. खोटं कशाला सांगू, मला पटलंही. मतं समसमान पडली, आणि अध्यक्ष म्हणून निकाल माझ्या गळ्यात आला. उद्या सांगते म्हणून घरी आले.

आस्गरला विचारलं. त्या भिंतींना दर वसंतात चुन्याचा हात देण्यात माझ्या नवऱ्याचा जन्म गेला, दुसऱ्या कुणाला विचारणार? त्याला आता जिना चढवत नाही. खाट खाली स्वयंपाकघरात आणलीय. उन्हाळ्यातच कळवणार होते, पण तुमचा दोघांचा अबोला. डॉक्टर नाताळपर्यंतचं बोलले. पुढचं बोलले नाहीत.

म्हटलं, हीटर बंद केला तर तुझ्या वेळी लोक गारठतील. तो म्हणाला, "गारठू देत. पाद्रीबाई तेवढंच आवरतं घेतील. मला काय तिथं थंडी वाजणार आहे?"

मी चित्राच्या बाजूने मत दिलं. डॅग्नी बोलत नाही, पण सकाळी दाराशी राय धान्याचा काळा पाव ठेवून जाते. थकले गं मी. कुणाला समजवायचं त्राण उरलं नाही.

बाबांच्या थडग्याच्या जागेची भाड्याची मुदत संपली तेव्हा आस्गरने नियमाप्रमाणे दगड हलवला. तो चर्चचा माणूस म्हणून वागला, तू लेक म्हणून. मी मधे बसून दोघांना कॉफी ओतत राहिले. चूक कुणाची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याला निरोप द्यायला तू येशीलच, लोकलाजेने तरी. तेव्हा नको, आत्ता ये. काल तो आपणहून म्हणाला, "थीराला माझ्यावर ओरडायचं असेल, तर मला ऐकू येतंय तोवर ये म्हणावं."

चूल विझू न देता बसलेली,
तुझी ताई,
बोडिल