कुकरबाई

६ फेब्रुवारी, गुरुवार
पोचवली एकदाची! हिंगणघाटहून वर्ध्यापर्यंत टेम्पोत तिला दोन्ही हातांनी कवटाळून बसले होते. कागदाच्या लगद्याची बाई — पोट कुकरचं, पदर खोचलेला, हात कमरेवर, डोक्यावर शिट्टी. खाली पाटी : 'कुकरबाई'.
कोकिळाताई पोट धरधरून हसल्या. रिटायर झाल्या तरी चित्रकलेच्या बाईच त्या! प्रदर्शन त्यांनीच जमवलंय. आम्ही पाच जण, सगळी गमतीची चित्रं न् पुतळे. "कोण गं ही?" म्हणाल्या.
"अशीच. मनानं केली."
खोटं. नाकाशेजारची चामखीळ मी मोजूनमापून चिकटवलीय. माझ्या सासूबाईंची आहे ती.

७ फेब्रुवारी
कशातच लक्ष नाही. शाळेच्या ऑफिसात दोन दाखल्यांवर चुकीची तारीख टाकली. मुख्याध्यापक बोलले.
योगेंद्रला फोटो दाखवला. नवरा आधी खूप हसला, मग म्हणाला, "आईनं पाह्यलं तं? रुचिका, ते चामखीळ तरी काढून टाक ना!"
काढली तर ती कुणीही होईल. नाही काढणार.
काढू का?

८ फेब्रुवारी
उद्घाटन झालं. आमच्यातल्या अश्वजितच्या पत्र्याच्या चष्मेवाल्या म्हशीपुढून लोक हलेनात. तिथून थेट माझ्याकडे. हसतात, फोटो काढतात. मी मात्र सारखी दाराकडे बघतेय.
एका बाईनं विचारलं, "सासू का वं तुही?"
पाणी प्यायच्या निमित्तानं पळाले.

९ फेब्रुवारी
पेपरात फोटो! माझा नाही — तिचा.
सासूबाईंनी चहा पिता पिता पाहिला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिला. "उद्या मले तिथं घेऊन चालजो."
एवढंच. दिवसभर घरात एकदाही आवाज चढला नाही. त्याचीच जास्त धास्ती.

१० फेब्रुवारी
अर्धी रजा टाकली. सासूबाईंनी भजनी मंडळातल्या चार बायकाही सोबत घेतल्या! बसमध्ये मी खिडकीबाहेरच बघत राहिले.
सासूबाई थेट कुकरबाईसमोर जाऊन उभ्या. मंडळातल्या जागृतीकाकू सासूबाईंच्या कानाशी पुटपुटल्या, "मंदा, हे तं..."
"माही सासू होय हे!" सासूबाई कडाडल्या. "हुबेहूब! अश्शीच उभी राहे चुलीपाशी." आणि हसत सुटल्या. बायकाही हसल्या. पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकून फोटोही काढून घेतला.
त्यांच्या सासूला मी पाहिलेलंही नाही. ते त्यांना पक्कं ठाऊक आहे.
सुटले — असं वाटायला हवं होतं. पण परतताना बसमध्ये त्या फोनवरचा तो फोटो पुन्हा पुन्हा बघत होत्या.

११ फेब्रुवारी
सकाळी सासूबाई न् मी मेथी निवडत होतो. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "माही सासू ओरडली का माहे हातपाय लटलट कापत." मग हळूच, "तू बी मले तशीच भेतं का वं?"
अकरा वर्षं 'नाही हो आई' म्हणत आले.
"हाव," म्हटलं.
"सांगाचं ना मंग, पोरी," म्हणाल्या. आणि माझ्यापुढची जुडीही स्वतःकडे ओढून निवडायला लागल्या.